परसबाग : सासूबाईंच्या अकरा बिया

भगिनींनो, यंदा उन्हाळी लागवडीत माझी चांगलीच फजिती झाली. ती आधी सांगते, म्हणजे निदान तुमच्या बिया तरी वाचतील.

आमचे घर नागपूरला, एका साध्या लेआउटमधले. न्हाणीघर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये आठ बाय अठरा फुटांची जागा उरली आहे, तीच आमची बाग. थोडा सांबार, पालक, वांग्याची चार झाडे, मिरची, एक लिंबू आणि दर उन्हाळ्यात न्हाणीच्या टिनावर चढणारा दुधीचा वेल. हा दुधी सासूबाईंचा. गोल, तुंब्यासारखा, कोवळा असला की सालीसकट शिजतो. या घरी आल्या तेव्हा माहेरून बिया आणल्या होत्या, असे त्या सांगत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मागल्या साली मी मुलीच्या बाळंतपणाला तिच्याकडे होते, वेल लावायचा राहूनच गेला. राखेत घालून बरणीत ठेवलेल्या अकरा बिया तेवढ्या उरल्या होत्या.

त्या अकराही मी जानेवारीच्या शेवटी एकदम लावल्या. वाटले, लवकर लावू, लवकर खाऊ. आमच्याकडे जानेवारीत रात्री किती गार पडतात ते तुम्हांला ठाऊक आहे. त्यात आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी, आणि मी रोज लोटाभर पाणी घालत होते. बारा दिवस झाले तरी एक कोंब दिसेना. शेवटी काडीने उकरून पाहिले तर बिया फुगून, मऊ पडून कुजलेल्या. त्या दिवशी स्वयंपाकात लक्ष लागले नाही. ह्यांनी म्हटले, "बाजारात पाकीट मिळतं की दुधीचं." मिळते हो, पण ते लांबट दुधीचे.

चूक साधी होती. दुधी, दोडका, कारले, काकडी या सगळ्यांच्या बियांना उगवायला ऊब लागते. रात्रीचा गारवा ओसरला की, म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्यानंतर, त्या लावाव्यात. बी रात्रभर भिजवावे, मग ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ किंवा फ्रीजच्या मागे उबेला ठेवावे. मोड दिसला की मातीत घालावे. आणि सगळे बी एकाच दिवशी कधी लावू नये. हे मला सासूबाईंनी दहा वेळा सांगितले होते.

गल्लीच्या टोकाला एक मावशी राहतात, त्यांच्यापाशी रडगाणे गायले. त्या आत गेल्या आणि कागदाची पुडी घेऊन आल्या. "तुझ्या सासूनंच दिल्या होत्या मला. सहा आहेत, घे. पण मला परत पाहिजेत बरं." अशा उसनवारीला कोण नाही म्हणेल?

या वेळी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोके पाडली. निम्मी माती, बाकी शेणखत आणि थोडी रेती असे भरून 20 फेब्रुवारीला बिया लावल्या. सातव्या दिवशी चार उगवल्या. मग एक एक संकट सुरू झाले. लाल भुंगेरे आले. हे तांबडे, नखाएवढे किडे वेलाच्या पहिल्या दोन पानांची चाळण करतात. एक रोप त्यांनी संपवले. सकाळी किडे सुस्त असतात तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकले आणि दव असतानाच पानांवर चाळलेली राख भुरभुरली, तेव्हा बाकीची तीन वाचली. त्यांतले एक फाटक उघडे राहिले त्या दिवशी बकरीने खाल्ले. फाटक कोणी उघडे ठेवले, यावर घरात अजून एकमत नाही.

राहिले दोन वेल. मिरचीची पाने मात्र वर वळून आखडली, म्हणजे बोकड्या रोग. फार आखडलेली दोन झाडे उपटून टाकली. बाकीच्यांवर पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून फवारली. आखडलेली पाने काही सरळ होत नाहीत, नवीन पाने चांगली आली तर मिळवली.

एप्रिल लागताच दुधीला पांढरी फुले आली. पाच, आठ, बारा. पण फळ एकही नाही. शेजारच्या काकू भिंतीवरून पाहत म्हणाल्या, "वांझ निघाला गं वेल तुझा. उपटून टाक." त्यांची सून तेव्हा नळावर भांडी घासत होती. तिच्या लग्नाला सहा वर्षे झाली. तिने मान वर केली नाही, पण हातातली राख तशीच राहिली.

मला राग आला. मी म्हटले, "काकू, वेलाला नर आणि मादी अशी दोन वेगवेगळी फुले येतात. आधी नुसती नरफुले येतात. आठ-दहा दिवस थांबा आणि संध्याकाळी पाहायला या." काकू आल्या नाहीत. सून आली.

तिला दाखवले ते तुम्हांलाही सांगते. नरफुलाचा देठ बारीक आणि लांब असतो. मादीफुलाच्या मागे बोराएवढा लवदार दुधी आधीच असतो. दुधीचे फूल दिवस कलताना उमलते आणि सकाळी मलूल होते. रात्रीचे पतंग परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात. आमच्या वस्तीत दाटीवाटीची घरे, रात्रभर दिव्यांचा झगमगाट. पतंग किती येतात कोण जाणे. परागकण पोचले नाहीत तर तो छोटा दुधी पिवळा पडून गळतो. आमचे पहिले तीन असेच गेले. तेव्हा ते काम आपणच करावे. नुकते उमललेले नरफूल खुडायचे, पाकळ्या मागे सोलायच्या आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. एका नरफुलात दोन-तीन मादीफुले होतात. दोडक्यालाही संध्याकाळीच करायचे. काकडी आणि कारल्याला मात्र सकाळी, त्यांची फुले तेव्हा उमलतात.

सून म्हणाली, "इतकंच?" आणि पहिले फूल तिनेच लावले.

आता वेलावर चार दुधी धरले आहेत. दुपारी पाने माना टाकतात, म्हणून दोरीवर जुनी साडी बांधून सावली केली आहे. डाळ-तांदळाच्या धुवणाचे पाणी वेलाच्या बुडाशी जाते. पाण्याची ओढ बसली की दुधी कडू होण्याचा संभव असतो. चिरताना एक फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर थुंकून टाकावी, चूळ भरावी आणि अख्खा दुधी फेकून द्यावा. शिजवल्याने ते विष जात नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीचा 2012 साली प्रसिद्ध झालेला अहवालही कडू दुधीचा रस पिऊ नये असेच सांगतो. पैसे वाया गेले असा विचार तिथे करू नका.

एक दुधी बियांसाठी राखला आहे, त्याच्या देठाला लाल चिंधी बांधली. शेजारी लांबट दुधीचा वेल आहे, त्याचा संकर नको, म्हणून त्याचे मादीफूल उमलण्याआधीच दोऱ्याने बांधले, नरफूलही बांधले, आणि संध्याकाळी सोडून, परागकण लावून परत बांधून टाकले. साल टणक होऊन, वाळून, आत बिया खुळखुळेपर्यंत तो वेलावरच राहील. मग मावशींच्या सहा परत, थोड्या मुलीकडे, थोड्या सुनेला. तिने डबा आत्ताच आणून दिला आहे, राख घालून.

पुढच्या वेळी कारल्याच्या फळमाशीविषयी लिहीन. तोवर बोटाएवढ्या कारल्यांना जुन्या कापडाच्या लहान पिशव्या बांधून ठेवा आणि किडकी फळे खताच्या खड्ड्यात टाकू नका.