प्रबोधिनीचा जागर आणि घरची कॉफी

आषाढात निद्रिस्त झालेले भगवान विष्णू कार्तिक शुद्ध एकादशीस जागे होतात, म्हणून तिला प्रबोधिनी म्हणतात. देव जागा होतो त्या रात्री भक्तानेही जागावे, हे ओघानेच आले. उपवास आणि जागर ही एकादशीची दोन अंगे होत. पैकी उपवास साबुदाण्याच्या आधारे घरोघर टिकून आहे. जागर मात्र घरातून मंदिरात गेला आणि तेथून ध्वनिक्षेपकावर! तो घरी परत आणावा आणि त्यासाठी शेगडीवर कॉफीचे पातेले चढवावे, असे आमचे मत आहे.

“बुवा, उपवासाला कॉफी चालते का?” असे श्रद्धाळू माउल्या आम्हांस विचारतात. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’त कॉफीचा निर्णय शोधणे व्यर्थ. तथापि ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे शास्त्र सांगते, त्यांत पाणी, फळ आणि दूध आहेत. आणि कॉफी ही फळाचीच बी. पण वारंवार जलपानाने आणि दिवसा झोपल्याने उपवास नष्ट होतो, असेही तेच शास्त्र म्हणते. तेव्हा एक कप पुरे. खिचडीनंतरच्या वामकुक्षीची चौकशी आम्ही करीत नाही.

या पेयाचे जागराशी नाते जुने आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी फकीर रात्रीच्या नामस्मरणात डोळा लागू नये म्हणून कॉफी पीत. तेथून बाबा बुडन यांनी तिच्या बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी परंपरा आहे. आपल्या गृहिणींनी तीत वेलदोडा घातला, जायफळ किसले. (जायफळ निद्राकारक मानतात; जागराच्या रात्री हात आखडता घ्यावा.)

परंतु ही कॉफी कोणाच्या पंक्तीस बसून प्यावयाची? १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानास गेले म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य ओढवले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण करून प्राण पणास लावले, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या बांधवांस पंढरीच्या मंदिराचे दार उघडले. देवाचे दार उघडले, तरी पुष्कळ घरांच्या फडताळात कान तुटलेला एक वेगळा कप राहिलाच. तो धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा, केर नेणाऱ्याचा, पहारेकऱ्याचा. कीर्तनाच्या निमित्ताने आमचे घरोघर जाणे होते. तो कप आजही काही ठिकाणी आमच्या दृष्टीस पडतो. तुळशीला पाणी घालणाऱ्या घरात तो असावा, याचे आम्हांस फार दुःख होते.

गृहस्थास सांगितलेल्या पंचमहायज्ञांत अतिथिपूजन हा मनुष्ययज्ञ आहे. बसावयास तृणासन, टेकावयास भूमी, पाणी आणि गोड शब्द या चार गोष्टी सज्जनांच्या घरी कधीच सरत नाहीत, असे स्मृतिकार म्हणतात. जात विचारून पाणी द्यावे, असे तेथे नाही.

तरी या एकादशीस तो कप टाकून द्यावा आणि शेजारचे बिऱ्हाड, वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा, कामाच्या बाई, पहारेकरी या सर्वांस एकाच सतरंजीवर बोलवावे. कॉफी घरच्या पुरुषांनी करावी. माउल्या दिवसभर फराळाचे करून दमलेल्या असतात. हरिपाठास आरंभ होताच दूध मंद आचेवर ठेवावे. माणसे वाढली तर पाणी वाढवावे, आणि कप कमी पडले तर तेच विसळून पुन्हा भरावेत.