खारपाणपट्ट्यातली इफ्तारची थाळी

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस गळू लागले. डोक्याला खाज, मग हाताला येणारे पुंजके आणि तीन-चार दिवसांत टक्कल. आधी बोट शॅम्पूकडे गेले, नंतर पाण्याकडे. लोकांनी अंघोळीची धास्ती घेतली. पूर्णा ओलांडली की संग्रामपूर तालुका लागतो, त्यामुळे इकडच्या गावांतही बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गावांत फिरून रक्त, लघवी, केस आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी सांगितलेले कारण कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते: रेशनच्या गव्हातले सेलेनियम. त्यांच्या तपासणीत बाधितांच्या रक्तात ते ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट जास्त निघाले. त्याच माणसांच्या शरीरात जस्त मात्र कमी होते.

रमजानच्या पानावर केसगळतीचे काय काम, असे कोणी विचारेल. काम आहे. ‘हे खा, रोग पळतो’ अशा सल्ल्यांचा या महिन्यात मोबाईलवर पाऊस पडतो. सेलेनियम हे त्या याद्यांतले एक लाडके नाव, प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून. ते खोटेही नाही. चीनमधल्या केशान परगण्यात मातीत सेलेनियम नव्हते, तिथे मुले आणि बाया हृदयविकाराने दगावत. त्या रोगाला ‘केशान’ हेच नाव पडले. त्याच देशातल्या एन्शी भागात मातीत ते अतोनात होते, तिथे लोकांचे केस आणि नखे गळाली. माणसाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरते, ४०० च्या वर धोका सुरू होतो. डॉ. बावस्करांना मिळालेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम होते. म्हणजे १०० ग्रॅम पिठाच्या तीन-चार पोळ्यांत साडेचौदाशे मायक्रोग्रॅम! एरवी औषध असलेली वस्तू तीन पोळ्यांत विष होते. त्या गावातल्या माणसाला याची चवही लागत नाही, वासही येत नाही.

वाचण्याचा साधा मार्ग जुन्या ताटात होता. त्या ताटात एकच धान्य नसे. ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, बाजरी, तूर, मूग, तीळ, जवस, अंबाडी. कशात काही कमी असले तर दुसरे भरून काढी; कशात काही जास्त असले तरी ते रोज पोटात जात नसे. शेगावला गजानन महाराजांच्या प्रसादात आजही पिठले-भाकरी आणि अंबाडीच्या भाजीचा मान आहे. शेतातून मात्र ज्वारी हटली, तिथे कपाशी आणि सोयाबीन आले. रेशनवर माणशी महिना पाच किलो धान्य, तेही मुख्यतः गहू आणि तांदूळ. हे धान्य नसते तर कितीतरी चुली विझल्या असत्या, हे मान्यच. पण सबंध गावाचे पीठ एकाच ठिकाणाहून आले की तिथल्या मातीचा दोष सबंध गावाच्या अंगात उतरतो.

संग्रामपूरच्या मातीचा आणि पाण्याचा दोष तर जुनाच. सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळा-टुनकीकडे पाणी बरे. पूर्णेकडे सरकावे तसे ते खारट होत जाते. बुलडाणा, अकोला, अमरावती मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा खारपाणपट्टा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. इथल्या कितीतरी विहिरी आणि बोअर ही हद्द कधीच ओलांडून बसल्यात. वान धरणाचे पाणी आणणाऱ्या १४० गावांच्या योजनेने दिलासा दिला, पण नळ कोरडा पडला की घागर पुन्हा बोअरखाली जाते. किडनीच्या आजाराने माणूस गेल्याची बातमी या तालुक्यात आता नवी राहिलेली नाही.

आता अशा तालुक्यात इफ्तारचा दस्तरखान बघा. खजूर, मग भजी, समोसे, कबाब, पापड, फळांच्या चाटवर काळे मीठ, वर गोड सरबत. दिवसाला एकूण मीठ पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे चमचाभर, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पाणीच खारट असलेल्या गावात ती मर्यादा वरच्या मिठाने किती लवकर ओलांडली जात असेल! मिठाने रक्तदाब चढतो, आणि किडनी बिघडवण्यात रक्तदाब व मधुमेह या दोघांचा हात सगळ्यांत मोठा. एकादशीची साबुदाणा खिचडी, वेफर्स आणि तळलेले बटाटे यांचीही कथा वेगळी नाही. उपवास दोन्ही घरांत कढईत जाऊन पडला आहे.

युनानी तिब्बमध्ये उपचाराची एक शाखाच ‘इलाज-बिल-ग़िज़ा’ आहे, आहारातून इलाज. जुने हकीम दवा लिहिण्याआधी ताटात काय आहे ते विचारत. त्या नजरेने पाहिले तर सहरीला ज्वारीची आंबील किंवा भाकरी-दही फार चांगले. पीठ हळूहळू पचते, साखर एकदम चढत नाही. इफ्तारला मुगाची उसळ, चणे, तीळ. यांत जस्तही आहे. खिचडा तर गहू, जव, चार डाळी आणि मांस एकत्र शिजवलेला. त्यावर वनस्पती तूप आणि तळलेल्या कांद्याचा डोंगर नको इतकेच. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने (२०१९-२१) नोंदवले आहे. त्यांच्यासाठी पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळावे, लोह अंगी लागते. सहरीच्या शेवटच्या घासावर घेतलेला कडक चहा तेच लोह अडवतो. पण घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेल्यावर सहरी उरकणाऱ्या बाईला हे सांगायचे, तर आधी तिच्यासाठी भांड्यात काही उरायला हवे.

किडनीच्या रुग्णाची गोष्ट आणखी निराळी. निरोग्याला उत्तम असलेले खजूर, केळी, नारळपाणी त्याला घातक ठरू शकतात, कारण त्यांतले पोटॅशियम दुबळी किडनी बाहेर टाकू शकत नाही. त्याने रोजा ठेवायचा की नाही हे आधी डॉक्टरला विचारावे. धर्माने आजाऱ्याला सवलत दिली आहे. बरे झाल्यावर रोजे पूर्ण करता येतात, ते शक्यच नसेल तर गरिबाला जेवण द्यावे, त्यालाच फिदया म्हणतात. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गोळ्या चुकवणारे म्हातारे मोहल्ल्यात दिसतात. त्यांना हे घरच्यांनी आणि इमामसाहेबांनी समजवायला हवे. डॉक्टरचे ते ऐकत नाहीत.

सरकारकडे मागणे दोन. रेशनचे धान्य गोदामातून निघण्याआधी सेलेनियमसाठी तपासावे आणि इथलीच ज्वारी विकत घेऊन इथल्याच दुकानात नियमाने द्यावी. तोवर मोहल्ल्याच्या हाती काही आहे. ईदच्या नमाजाआधी द्यायचा फित्रा गव्हाच्याच नव्हे, तर जव, खजूर, मनुका यांच्या हिशेबानेही काढण्याची परवानगी आहे. रमजानमध्ये गरजू घरांत पोहोचणाऱ्या शिध्याच्या पिशवीत साखर, मैदा, तेल, शेवया आणि सरबताची बाटली असतेच. या वर्षी मैद्याच्या जागी पाच किलो ज्वारी, दोन किलो मूगडाळ, अर्धा किलो तीळ आणि चणे घालून पाहावेत.