खव्याचा नमुना नेला म्हणजे गुन्हा ठरला असं नाही. पण गायीच्या दुधाचा हिशोब भट्टीवाल्यांनी आधीच करावा

भूम : सणवार जवळ आले की अन्न व औषध प्रशासनाच्या गाड्या भूम, वाशी, परंडा भागात फिरू लागतात. कुंथलगिरीच्या खव्याचं नाव मोठं, त्यामुळं पुण्या-मुंबईत कुठं भेसळीची बातमी आली की नजर इकडं वळते. गाडी दिसली की काही भट्ट्यांवर जाळ विझवून शटर ओढलं जातं. त्यानं संशय वाढतो आणि हातातला माल खराब होतो तो वेगळाच. मुळात अधिकारी काय बघतो, काय करू शकतो आणि भट्टीवाल्याच्या हातात काय आहे, हे गावाकडं कुणी नीट सांगत नाही.

सगळ्यात मोठी गफलत फॅटची आहे. अन्न सुरक्षा मानकांप्रमाणे खव्यात पाण्याचा अंश सोडून जो घन भाग राहतो, त्यात दुधाची फॅट किमान 30 टक्के लागते. म्हशीच्या दुधाला हे जड जात नाही. 6 फॅट आणि 9 एसएनएफचं दूध आटवलं तर 15 भागांत 6 भाग फॅट, म्हणजे 40 टक्के. आता गायीचं बघा. डेअरीचा दर ज्यावर निघतो ते 3.5 फॅट, 8.5 एसएनएफचं दूध कढईत टाकलं तर 12 भागांत साडेतीन, म्हणजे साधारण 29 टक्के. पाण्याचा थेंब नाही, पिठाची चिमूट नाही, मलई काढलेली नाही, तरी नमुना नापास! 3.2 फॅट आणि 8.3 एसएनएफ असलं की गायीचं दूध कायद्यानं चांगलं. त्याच दुधाचा खवा केला की 28 टक्क्यांच्या आत आणि कायद्यानं कमी दर्जाचा.

गेल्या काही वर्षांत गोठ्यात एचएफ, जर्सी वाढल्या, म्हशी कमी झाल्या. खव्याचा नियम मात्र म्हशीचं दूध डोळ्यापुढं धरून केल्यासारखा आहे. गायीच्या खव्याला वेगळं मानक द्यावं, ही मागणी दूध उत्पादकांच्या पुढाऱ्यांनी लावून धरायला हवी होती. ते दुधाच्या दरापुढं कधी सरकले नाहीत. तोवर भट्टीवाल्यापुढं एकच सरळ वाट आहे. कढईत ओतायच्या आधी फॅट लावायची. संकलन केंद्रावर मशीन असतंच. 8.5 एसएनएफला फॅट किमान 3.7 तरी पाहिजे, 4 असली तर निवांत. कमी भरली तर म्हशीचं दूध मिसळायचं. 3.2 चं गायीचं आणि 6 चं म्हशीचं निम्मं-निम्मं घेतलं तरी 4.6 होते आणि प्रश्न मिटतो. खवाही जास्त पडतो, कारण म्हशीच्या पाच लिटरला किलोभर खवा निघतो, गायीच्या दुधाला साडेपाच-सहा लिटर जातात.

नमुना घेताना काय होतं तेही माहीत असावं. अधिकारी लेखी नोटीस देतो, साक्षीदार ठेवतो आणि घेतलेल्या मालाचे पैसे चालू भावानं देतो. हे पैसे नाकारू नयेत, पावती जपून ठेवावी. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडं जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं राहतात. चौथा भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवा, असं भट्टीवाल्यानं त्याच वेळी लेखी मागितलं तर पाठवावा लागतो, खर्च मात्र त्याचा. ही मागणी बहुतेक जण करत नाहीत, कारण ती करता येते हेच ठाऊक नसतं. विश्लेषकाचा अहवाल विरोधात आला तर 30 दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. अहवालाचा लिफाफा आल्यावर तो देवळीत ठेवून देणारे हा महिना घालवून बसतात आणि मग वकील शोधत फिरतात.

अहवालातला शब्द नीट वाचावा. ‘कमी दर्जाचा’ आणि ‘असुरक्षित’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फॅट कमी भरणं हे कमी दर्जाचं प्रकरण. ते न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढं चालतं आणि दंड 5 लाखांपर्यंत होऊ शकतो. दंडाचा आकडा ठरवताना फायदा किती झाला, चूक जाणूनबुजून होती का, पुन्हापुन्हा झाली का, हे बघावं लागतं. म्हणून रोजच्या दुधाची नोंदवही कामाला येते: कुणाचं दूध, किती लिटर, किती फॅट. असुरक्षित ठरलं तर फौजदारी खटला, तिथं वहीनं भागत नाही.

स्वच्छतेचं मात्र रडगाणं गाऊन चालणार नाही. जागा अस्वच्छ असेल तर 1 लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. भट्टी म्हटलं की धूर आणि काजळी आलीच, ते अधिकाऱ्यालाही कळतं. पण गंजलेली कढई, उघडं ठेवलेलं दूध, शेणाच्या ढिगाला लागून भट्टी, तंबाखू चघळत खवा घोटणारा गडी, याला कुणी माफी देणार नाही आणि देऊही नये. पिण्यायोग्य पाणी, झाकायला स्वच्छ कापड किंवा जाळी, कामगारांची आरोग्य तपासणी, हे सांभाळलं तर निम्मी भीती जाते. त्रुटी आढळल्या तर आधी सुधारणा नोटीस मिळू शकते आणि तिची मुदत 14 दिवसांपेक्षा कमी नसते. तेवढ्यात फरशी बसते, जाळीही लागते. नोटीस दुर्लक्षित केली तर परवाना निलंबित होतो.

नोंदणीचा 14 अंकी क्रमांक नसेल तर बाकी सगळं नीट असूनही बाजू लंगडी पडते. अर्ज ऑनलाइन होतो, सेतू केंद्रावरचा पोरगाही भरून देतो. क्रमांक दिसेल असा लावावा, बिलावर छापावा.

बिलावरून आठवतं, बरेच भट्टीवाले कच्च्या चिठ्ठीवर माल देतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत, बॅगांच्या गर्दीत खवा पुण्याला जातो. गाडी आठ तास अडकली, खवा आंबट झाला आणि तिथं दुकानात नमुना घेतला, तर दुकानदार बोट भूमकडं दाखवणार. आम्लतेलाही 0.9 टक्क्याची मर्यादा आहे. निघताना माल कसा होता हे सांगायला पक्कं बिल, तारीख आणि वेळ हाच भट्टीवाल्याचा पुरावा. गुजरातहून येणाऱ्या तयार ‘स्पेशल बर्फी’त आपला खवा मिसळून तो कुंथलगिरीच्या नावावर खपवला, तर तेही बिलाशिवाय सिद्ध करता येत नाही.