स्कोप घेताना आधी रानाचा विचार करा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही मराठी घरांत आता रायफल असते. कुणी शनिवारी सकाळी रेंजवर जातं, कुणी नोव्हेंबरात शेजाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जातं. रायफल एकच असते, म्हणून तिच्यावरचा स्कोपही दोन्हीकडे चालणारा हवा असतो. दुकानात गेलात की काउंटरवर एकाहून एक मोठे स्कोप समोर येतात. पैसे देण्याआधी माझं थोडं ऐका.

निवड करताना आधी रानाचा विचार करा, रेंजचा नंतर. रेंजवरचा कागद पळून जात नाही. तुम्ही श्वास सावरा, पाणी प्या, पुन्हा नेम धरा. चुकलात तर दोन-चार गुण जातील. रानात हरीण काही क्षणच उभं राहतं, तेही झाडीआड आणि बहुधा उजेड सरत असताना. तिथे चुकलात तर जनावर जखमी होऊन पळतं आणि तासन्‌तास तडफडतं. म्हणून रानात कमी पडणारा स्कोप रेंजवर कितीही छान वाटला तरी घेऊ नका.

स्कोपवर ३-९×४० असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ सोपा आहे. समोरचं तीनपट ते नऊपट मोठं दिसेल आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं आहे. दोन्ही कामांसाठी माझं मत विचाराल तर हाच आकार घ्या. रेंज थोडी लांबची असेल तर ४-१२ घ्या. २४ पटींच्या मागे लागू नका.

का, ते सांगतो. १०० यार्डांवर तीनपटीत तुम्हाला साधारण ३० फूट रुंदीचं रान दिसतं. नऊपटीत ते १०-१४ फुटांवर येतं. पट आणखी वाढवलीत की डोळ्यासमोर नुसती पानं आणि फांद्या येतात. हरीण शोधता शोधता ते निघून जातं. शिवाय हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते आणि माणूस घाबरून चाप ओढतो. रेंजवर १०० यार्डांच्या कागदाला नऊ पट अगदी पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. दुकानात एक साधी परीक्षा करा. रायफलवर न चढवलेला, सुटा स्कोप हातभर लांब धरा आणि उजळ भिंतीकडे करा. मागच्या भिंगात उजेडाचा एक गोल ठिपका दिसेल. आता पट वाढवायची कडी हळूहळू फिरवा. ठिपका लहान लहान होत जातो. तुमच्या डोळ्याला तेवढाच उजेड मिळणार आहे. ठिपक्याच्या मापाचा हिशोबही सोपा आहे. पुढच्या भिंगाच्या मापाला पटीने भागा. ४० भागिले ९ म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आतबाहेर. सहापटीवर तो साडेसहाच्या पुढे जातो. २४ पट आणि ५० चं भिंग असेल तर जेमतेम दोन.

अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, वय वाढलं की त्याहून कमी. टेक्सससारख्या राज्यात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला मुभा असते. हरणं नेमकी पहाटे आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात बाहेर पडतात. तेव्हा दोन मिलिमीटरच्या ठिपक्यात काळोखच दिसेल. म्हणून पटीपेक्षा काचेवर पैसे खर्च करा. दुकानातल्या लख्ख दिव्याखाली सगळेच स्कोप चांगले दिसतात. दुकानदाराला विनंती करून दिवेलागणीला सुटा स्कोप दाराबाहेर न्या आणि एखाद्या झाडाच्या सावलीत बघा. फांद्या वेगवेगळ्या ओळखू आल्या तर काच बरी.

तिसरी गोष्ट तुमच्या कपाळाची. बार झाला की रायफल मागे येते. डोळा स्कोपला फार जवळ असेल तर स्कोपची कडा भुवईवर आदळते. भुवईवर चंद्रकोरीसारखी जखम होते, टाके पडतात. डोळा साडेतीन-चार इंच मागे ठेवूनही पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. चष्मा असेल तर चष्मा लावूनच बघा. हिवाळ्याचं जाड जाकीट घालूनही एकदा रायफल खांद्याला लावून पाहा. जाकिटाने रायफल थोडी पुढे सरकते आणि सगळी मापं बदलतात. रायफल रिकामी आहे ना, हे आधी स्वतः उघडून बघा.

नेम धरायची आतली फुली साधी निवडा. काही स्कोपमध्ये पट कमी केली की फुलीही बारीक होते. लांबवरच्या नेमबाजीला ते सोयीचं आहे, पण संध्याकाळी तीनपटीवर ती केसासारखी फुली काळ्या झाडीत हरवते. ज्यात फुली कायम सारखीच दिसते, तोच तुमच्यासाठी बरा. मात्र त्यात लांबच्या अंतरासाठी खालच्या खुणा असतील तर त्या बहुधा सर्वांत वरच्या पटीवरच खऱ्या ठरतात. हे घरात रायफल वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

नेम जुळवण्यासाठी फिरवायच्या बटणांवर टोपण असलेलं बरं. झुडपाला घासून बटण फिरलं तर सगळा नेमच बिघडतो आणि ते कळतं बार चुकल्यावर.

वजनाकडेही बघा. ३-९ चा स्कोप बहुधा ४०० ग्रॅमच्या आसपास असतो. मोठे टार्गेट स्कोप याच्या दुप्पट असतात. रेंजच्या टेबलावर काही वाटत नाही, दिवसभर डोंगर चढताना खांदा सांगतो.

सगळे पैसे स्कोपवर घालवू नका. रायफलला स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगा भक्कम घ्या. स्कोपची नळी एक इंचाची आहे की ३० मिलिमीटरची, ते पाहून त्याच मापाच्या रिंगा घ्या. स्क्रू रिंगांबरोबरच्या कागदावर दिलेल्या मापानेच आवळा, जोर करून नाही. ढिली रिंग महागड्या स्कोपलाही निकामी करते.

मग नेम जुळवा. आधी २५ यार्डांवर, नंतर १०० वर. बहुतेक अमेरिकी स्कोपच्या बटणाची एक टिकटिक १०० यार्डांवर नेम पाव इंच सरकवते. गोळ्या दोन इंच खाली पडत असतील तर आठ टिकटिक वर. २५ यार्डांवर मात्र तेवढ्याच फरकासाठी चौपट फिरवावं लागतं, इथे बरेच जण गोंधळतात. एका गोळीवर निर्णय घेऊ नका. तीन मारा, रायफलची नळी निवू द्या, मग बटणाला हात लावा. शिकारीला जी काडतुसं नेणार तीच वापरा. काडतूस बदललं की नेमही बदलतो.

शेवटी आठ इंची कागदी ताटली लावा. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं साधारण तेवढ्या जागेत असतात. टेबलाचा आधार सोडा. बसून, गुडघ्यावर टेकून मारा. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी ताटलीत पडते, तेवढंच तुमचं अंतर. त्यापुढचं हरीण जाऊ द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्कोपमधून रान न्याहाळू नका. स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते. झाडीत हललेलं ते कुणाचं तरी पोर असू शकतं. बघायला गळ्यात वेगळी दुर्बीण ठेवा, आठपटीची साधी चालेल. तिचे पैसे स्कोपच्या पैशांतूनच बाजूला काढा. महाग स्कोप आणि दुर्बीण नाही, यापेक्षा मध्यम स्कोप आणि दुर्बीण कितीतरी चांगलं. घरी आल्यावर रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

कायद्याचंही पाहून घ्या. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार सहसा बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतुसंही नाहीत. राज्याचा चालू शिकार परवाना ही त्यातली एक सवलत आहे. परवान्याची मुदत संपली की तिचा आधार राहत नाही. ग्रीन कार्ड होईपर्यंत एखाद्या वकिलाला विचारल्याशिवाय काही विकत घेऊ नका. मित्राची रायफल ‘ठेवायला’ म्हणूनही घरात आणू नका.

गावी जाताना भावासाठी भेट म्हणून स्कोप बॅगेत टाकू नका. अमेरिकेतून रायफलचा स्कोप बाहेर नेणं निर्यातीच्या नियमांत येतं. शिवाय भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पुतण्या नेमबाजी शिकत असेल, तरी रायफलच्या ऑलिम्पिक प्रकारांत दुर्बिणीचा स्कोप चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तेही बिनभिंगाच्या बारीक भोकातून नेम धरून. पुतण्यासाठी काही न्यायचंच असेल तर त्याच्या प्रशिक्षकांना फोन करा आणि शूटिंग जॅकेटचं माप विचारून घ्या.