नवे हत्यार कोणाच्या कामाचे?

बंगळूरच्या एस. पी. रोडवर हार्डवेअरच्या दुकानांतून एक फेरी मारली की सुतारकाम करणाऱ्या माणसाचे डोळे दिपून जातात. एकाच मुठीला दहा पाती बसणारा पेचकस, भिंतीवर लाल रेघ टाकणारे लेझरचे यंत्र, आकड्यांत माप दाखवणारा कॅलिपर, रंगीत मुठींच्या पटाश्या, भोके पाडायचे तऱ्हेतऱ्हेचे साचे. तुमकूर रस्त्यावरच्या प्रदर्शन केंद्रात 'इंडियावुड' भरते तेव्हा तर विचारायलाच नको. दुकानदार सांगतो, ठेकेदार सांगतो आणि आता सरकारही सांगते : कारागिरा, नवे हत्यार घे, तुझे दिवस पालटतील. या सांगण्याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही नव्या हत्यारांचे वैरी नाही. 'आजोबांचा वाकस आणि पणजोबांचा रंधा' यांची आरती ओवाळणाऱ्यांतले आम्ही नव्हे. जुन्या लाकडी रंध्याचे पाते पाचर ठोकून बसवावे लागे. टोला थोडा जास्त पडला की पाते खोल रुते आणि फळी बिघडे. अमेरिकेत लिओनार्ड बेली याने रंध्यात सुधारणा केल्या, १८६९ साली स्टॅन्ले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, आणि चाकी फिरवून पाते केसभर वरखाली करता येणारा लोखंडी रंधा जगभर गेला. तो आपल्या सुतारांनीही घेतला, कारण त्याने काम हलके केले आणि कसब हातातच ठेवले. त्याचे पाते निसण्यावर घासून पुन्हा उभे करता येते. चन्नपट्टणच्या खेळणी करणाऱ्यांनी लेथला विजेची मोटर जोडली तेव्हाही तेच झाले. चाक फिरवायचे कष्ट गेले, पण लाकडाला आकार देणारा आणि लाख चढवणारा हात कारागिराचाच राहिला.

दुसरेही एक मान्य केले पाहिजे. आपल्या हातातला मालच बदलला आहे. म्हैसूर रस्त्याजवळच्या लाकूडवखारींत सागाचे ओंडके पाहून काम ठरवायचे दिवस मागे पडले. आज बंगळूरच्या फ्लॅटांत जे काम चालते ते प्लायवूडचे, एमडीएफचे आणि वर चिकटवलेल्या सनमायकाचे. प्लायवूडमधला गोंद साध्या पोलादाची धार बघता बघता खातो. हाताच्या करवतीने कापताना सनमायकाचे तुकडे उडतात. तिथे कार्बाइडच्या दातांचे पाते ही चैन नाही, गरज आहे. तसेच ३५ मिलिमीटरच्या बिजागरीचे भोक पाडायचा साचा. चाळीस दरवाज्यांवर चाळीस वेळा खुणा करत बसण्यात कसली कारागिरी? तो साचा उपयोगी आहे, हे आम्ही बिनदिक्कत म्हणतो.

मग वाद कशाचा? वाद असा की 'नवे' म्हणजे 'उपयोगी' हे समीकरण आमच्या गळी उतरवले जात आहे. हत्याराची परीक्षा दुकानाच्या काचेमागे होत नाही, कामाच्या जागी होते. त्यासाठी आम्ही चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : याला धार लावता येते का? हल्ली ज्या करवती स्वस्तात मिळतात, त्यांचे दात विजेच्या झटक्याने तापवून इतके कडक केलेले असतात की त्यांच्यावर कानस चालत नाही. नवी असताना अशी करवत झकास कापते. बोथट झाली की फेकून द्यायची. ओढून कापायच्या जपानी पद्धतीच्या करवतीचे तत्त्व उत्तम आहे. ओढताना पाते ताणले जाते, म्हणून ते पातळ ठेवता येते आणि जोर कमी लागतो. पण बाजारात येणाऱ्या बहुतेक करवतींचे पाते संपले की नवेच विकत घ्यावे लागते. जुनी करवत बाप मुलाला देई. आता करवतीचा जणू मासिक हप्ता झाला आहे. ज्या हत्याराची धार आपल्या हातात नाही, ते हत्यार पुरते आपले नाही.

दुसरा प्रश्न : वाचलेला वेळ कोणाच्या खिशात जातो? आमच्या एका सोबत्याचा अनुभव सांगतो. ठेकेदाराने त्याला बॅटरीवर चालणारे ड्रिल दिले आणि तीन महिने दर आठवड्याच्या मजुरीतून त्याचे पैसे कापले. ड्रिलमुळे काम भराभर होऊ लागले, हे खरेच. पण पैसे फिटले त्याच महिन्यात ठेकेदाराने रोजंदारी बंद करून चौरस फुटाचा दर लावला आणि पुढच्या कामाला तोही खाली आणला. म्हणाला, 'आता तुझे काम सोपे झाले ना?' हत्याराचे पैसे कामगाराने भरले, वेग कामगाराने वाढवला आणि त्याचे फळ ठेकेदाराने नेले. ड्रिल वाईट नव्हते, व्यवहार वाईट होता. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या सातव्या कलमात स्पष्ट म्हटले होते की, कामासाठी लागणारी हत्यारे व कच्चा माल पुरवणे ही मजुरीतून पैसे कापता येतील अशी 'सेवा' नव्हे. तो कायदा आता वेतन संहितेत सामावला गेला आहे. पण हे तत्त्व कामगारांनी लढून मिळवलेले आहे आणि ते कोणत्याही ठेकेदाराला गिळू देता कामा नये.

तिसरा प्रश्न : कसब हातात राहते की साच्यात जाते? मार्क्सने 'कॅपिटल'मध्ये १८६७ साली नोंद केली की, एकट्या बर्मिंगहॅममध्ये पाचशे प्रकारचे हातोडे तयार होत. हे कारागिराचे लाड नव्हते. काम जितके तुकड्या-तुकड्यांत वाटले गेले, तितके हत्यार एकेका तुकड्यापुरते झाले आणि ते धरणारा माणूसही एकेका तुकड्यापुरता झाला. स्वतः तांबटकाम केलेल्या हॅरी ब्रेव्हरमनने १९७४ साली आपल्या पुस्तकात विसाव्या शतकातल्या कारखान्यांबद्दल हेच मांडले. तिरप्या भोकातून स्क्रू मारायचा साचा आला की खाचा-कूस घेणाऱ्या मिस्त्रीची गरज उरत नाही. कोणीही नवखा मुलगा आठवड्यात ते शिकतो. मुलाला काम मिळाले, याचा आम्हाला आनंद आहे. पण तो मुलगा दहा वर्षांनीही तेच भोक पाडत असेल आणि त्याच मजुरीवर असेल, तर त्याला आपण कारागीर केले की साच्याचा जोडभाग केले?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : हात शाबूत राहतो का? बंगळूरच्या कुठल्याही इंटिरियरच्या कामावर जा. फरशी कापायच्या चार इंची कटरला लाकडाचे दातेरी पाते लावलेले दिसेल. त्याचे संरक्षक आवरण काढून टाकलेले असेल. तेच यंत्र प्लायवूडच्या फळीखाली उलटे बांधून टेबल-सॉ म्हणून चालवलेले दिसेल. खरे यंत्र महाग म्हणून हा जुगाड, आणि त्याची किंमत बोटांनी चुकवायची. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरले होते, संपूर्ण तर्जनीचे १४ टक्के. ज्याने रंधा धरला आहे त्याने सांगावे, अंगठ्याशिवाय सुताराचे किती टक्के उरतात? अमेरिकेत बोट लागताच क्षणार्धात थांबणारे सॉ-स्टॉपचे टेबल-सॉ २००४ पासून विकले जात आहे. नवलाई म्हणायची तर ही खरी नवलाई, पण आमच्या कामावर ती येत नाही. लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले. हाताचा रंधा ढलप्या काढतो. फिरते पाते आणि सँडर नाकात जाणारी पूड उडवतात. तरी दहा बाय दहाच्या बंद खोलीत तोंडाला रुमाल बांधून काम चालते. धूळ ओढणारे यंत्र मात्र कोणाच्या यादीत नसते.

आता सरकारच्या दानाकडे वळू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. १३,००० कोटी रुपयांची योजना, अठरा व्यवसाय, त्यांत सुतार आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज. ज्याला मिळते त्याने जरूर घ्यावे, तो जनतेचाच पैसा आहे. पण योजना कोणासाठी आहे ते नीट वाचा. ती 'स्वयंरोजगार' करणाऱ्यासाठी आणि 'कुटुंबाधारित पारंपरिक' व्यवसायांसाठी आहे. बेळगाव-खानापूरहून किंवा राजस्थान-बिहारहून येऊन ठेकेदाराच्या हाताखाली मजुरी करणारा सुतार यात कुठे बसतो? आणि बापाचा धंदा मुलाने करावा, हे सरकारने आम्हाला का सांगावे? आमचा धंदा ही आमची जात नाही, ते आमचे श्रम आहेत. हत्याराची पेटी देऊन कामगाराला 'उद्योजक' म्हटले की त्याच्या मजुरीची, विम्याची आणि पेन्शनची जबाबदारी कोणावरच उरत नाही. पेटी त्याची, कर्ज त्याचे, जखमही त्याचीच.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर सुरू झाला. तो कायदा आणि १९२३ चा भरपाई कायदा हे दोन्ही आता २०२० च्या संहितांत विलीन झाले असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू आहेत. कायद्याचे नाव काहीही असो, आमच्या मागण्या साध्या आहेत :

१. मजुरीवर काम करणाऱ्याला हत्यार मालकाने द्यावे. कामगार स्वतःचे हत्यार आणत असेल तर मजुरीखेरीज हत्यार-भत्ता आणि धारेचा खर्च मिळावा.

२. नव्या हत्याराने काम वाढले म्हणून दर कापायचा नाही. हत्यार येण्याआधी दराचा लेखी करार व्हावा.

३. आवरण काढलेले कटर कोणत्याही कामावर चालू देऊ नये. धूळ ओढण्याची सोय ठेकेदाराने करावी.

४. सरकारी पेटीत काय असावे, हे काम करणाऱ्यांना विचारून ठरवावे. धार लावता येईल आणि सुटे भाग मिळतील अशीच हत्यारे घ्यावीत.

५. मल्लेश्वरमच्या वुड सायन्स संस्थेत प्रगत लाकूडकामाचे प्रशिक्षण केंद्र आहे. अशा ठिकाणी मजुरीवरच्या सुतारांनाही प्रवेश मिळावा आणि त्या दिवसांची पूर्ण मजुरी मिळावी.

सोबत्यांनो, पुढच्या वेळी कोणी चकचकीत डबा पुढे करील तेव्हा भुलू नका आणि बुजूही नका. हातात घ्या, चालवून बघा आणि हे चार प्रश्न विचारा. उत्तरे आपल्या बाजूची असतील तर ते हत्यार घ्या आणि त्याची मजुरीही वाढवून मागा. नसतील तर परत करा. मात्र ही उत्तरे एकट्या सुताराला मिळत नाहीत. ठेकेदारापुढे एकटा उभा राहिलेला माणूस कितीही धारदार पटाशी घेऊन उभा असला तरी निशस्त्रच असतो. कामावरच्या पाच जणांनी मिळून विचारा. युनियनचे कार्ड आजच काढा.