मुक्तिसंग्रामातले घर मुलांच्या पुस्तकात कधी येणार?

मराठीत मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी म्हटली, की किल्ला, घोडा, तलवार आणि बालशिवबा हीच सामग्री डोळ्यांपुढे उभी राहते. शिवचरित्राविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती इतिहास म्हणजे रणांगण या समजुतीविषयी. कोणत्याही युद्धकाळात रणांगणापेक्षा कितीतरी अधिक माणसे घरात असतात. ती वाट पाहतात, धान्य लपवतात, मुलांना गप्प बसवतात, एका रात्रीत गाव सोडतात. हा इतिहास आपल्या कुमार वाचकाला आपण जवळजवळ नाकारलेला आहे.

दूरचे उदाहरण कशाला? आम्ही ज्या सेनगावात शिकवतो, तो भाग १९४८ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि लगतचा रिसोडचा मुलूख वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र भारतात. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने ही सीमा जिवंत होती. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. मध्ये करोडगिरीचे नाके. अलीकडे रझाकारांची दहशत आणि लेव्हीचे धान्य. पलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी मुक्तिसंग्रामाची केंद्रे. जीव मुठीत धरून किती कुटुंबांनी ही हद्द ओलांडली! सोबत काय घ्यायचे, जनावरे कुणाच्या हवाली करायची, चालू न शकणाऱ्या आजीचे काय करायचे, असे प्रश्न त्या घरांपुढे होते. कादंबरी याहून वेगळे काय मागते?

या काळावर मराठीत लेखन नाही असे कोणी म्हणणार नाही. अनंत भालेरावांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास लिहिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत. १९४८ मध्ये सोळा वर्षांचे असलेले कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर यांनी या प्रश्नाची मूलगामी चिकित्सा केली. परंतु हे सारे प्रौढांसाठी आहे. मुलांच्या वाट्याला येते ते १७ सप्टेंबरचे ध्वजवंदन, एक भाषण आणि हुतात्म्यांची यादी. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या बहिर्जी शिंदे यांचे हौतात्म्य मुलांना ठाऊक असते. त्या दिवसांत अशा घरांतील चूल कशी पेटत होती, हे मात्र ठाऊक नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : मुलांच्या कोवळ्या मनाला क्रौर्य कशाला दाखवावे? हा आक्षेप घेणाऱ्यांना अफझलखानाचा कोथळा दाखवताना काही वाटत नाही, हे नवल आहे. खरी अडचण क्रौर्याची नसून जवळिकीची असावी. तीनशे वर्षांपूर्वीचे रक्त शोभेचे होते. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे रक्त शेजाऱ्याच्या अंगणात सांडलेले असते. इतर भाषांतील लेखकांनी ही अडचण टाळली नाही. इयन सेरेलियर यांची 'द सिल्व्हर स्वोर्ड' (१९५६) महायुद्धात आईबापांपासून तुटलेल्या पोलिश भावंडांची कथा सांगते. ज्युडिथ कर यांच्या १९७१ च्या कादंबरीत बर्लिन सोडणाऱ्या ज्यू कुटुंबातील मुलीचा खेळण्यातला ससा मागे राहतो, आणि तेवढ्यातून हिटलर काय होता ते लहान वाचकाला उमगते. फाळणीवरील 'द नाइट डायरी' (२०१८) मध्ये वीरा हिरानंदानी यांनी हिंदू वडील आणि दिवंगत मुस्लिम आई असलेली बारा वर्षांची मुलगी उभी केली.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. रझाकारांवर मुलांसाठी लिहिले तर शेजारच्या मुसलमान मुलाविषयी द्वेष पेरला जाईल, असे काही सहकारी म्हणतात. वाईट लिहिले तर नक्कीच पेरला जाईल. म्हणूनच चांगले लिहिण्याची निकड आहे. कारण आपण गप्प बसलो तरी ही गोष्ट सांगितली जातच असते, आणि अर्धीच सांगितली जाते. रझाकारांवर टीका करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाखान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली, हे त्या अर्ध्या गोष्टीत नसते. १३ सप्टेंबरला सुरू झालेल्या पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला, हेही नसते. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्धच झाला नाही.

तेव्हा आम्हांला हवी आहे ती दोन घरांची कादंबरी. जूनमध्ये एक घर रिकामे होते आणि त्याची किल्ली शेजाऱ्याकडे राहते. सप्टेंबरअखेर तो शेजारीच लपण्यासाठी जागा शोधत असतो. दहा वर्षांच्या मुलाच्या नजरेला ही दोन्ही घरे एकाच गल्लीतली असतात. प्रौढ निवेदक बाजू घेण्याची घाई करतो. मूल आधी आपला खेळगडी कुठे गेला ते विचारते. वाङ्मयप्रकार म्हणून कुमार कादंबरीचे सामर्थ्य या प्रश्नात आहे.

यात आम्हां मराठीच्या अध्यापकांचा वाटा मोठा आहे. एम.ए.च्या वर्गात बालसाहित्याला आपण बहुधा टिपणापुरती जागा देतो, आणि मग चांगले बालसाहित्य निर्माण होत नाही म्हणून परिसंवादात हळहळतो. मराठवाड्यातील प्रत्येक मराठी विभागाने यंदा एक साधे काम करावे : विद्यार्थ्यांना त्यांच्याच गावातील, त्या वेळी मूल असलेल्या माणसांकडे पाठवावे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत, आणि ऐकलेले त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. १९४८ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. कादंबरीकार पुढे केव्हाही येईल. पण तो येईल तेव्हा त्याला सांगायला ही माणसे नसतील.