‘तुम्ही जा, मी गाडीत बसते’

जोडून सुट्टी आली की घरात सहलीचा बेत शिजतो आणि दोन दिवसांत किती ठिकाणे ‘उरकता’ येतील याची यादी तयार होते. तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत घरातील आजी म्हणतात, ‘तुम्ही जा, मी गाडीत बसते.’ हे बोलणे समजूतदारपणाचे वाटते, म्हणून कोणी फारसा आग्रह करीत नाही. वस्तुतः त्यामागे थकवा असतो, स्वच्छतागृहाची चिंता असते आणि आपल्यामुळे इतरांचा खोळंबा नको, हा संकोच असतो. अशी वेळच येणार नाही, अशी सहल आखता येते. मुंबई-ठाणेकरांच्या हाताशी असूनही फारशा न पाहिल्या जाणाऱ्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या निमित्ताने ती कशी आखावी, ते पाहू.

पहिला नियम साधा आहे. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी एक ठिकाण, दुपारी चारनंतर दुसरे. मधला वेळ जेवणाचा आणि आडवे होण्याचा. मोसम हिवाळ्याचा निवडावा. पावसात ही भूमी देखणी दिसते खरी. परंतु निसरड्या वाटा आणि घाटातील दरडी ज्येष्ठांसाठी नव्हेत.

शनिवार शहापूरला द्यावा. आसनगाव स्थानकापासून जवळच माहुली किल्ला आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही टिकवण्याची अखेरची झुंज येथेच दिली. गडाची चढण दमछाक करणारी असल्याने ती तरुणांनाच करू द्यावी. मात्र गड पाहण्यासाठी गडावर गेलेच पाहिजे असे नाही. पायथ्याच्या माहुली गावातून डोंगराचा विस्तार दिसतो. त्याच्या सुळक्यांना लोकांनी नवरा, नवरी, भटोबा अशी लग्नघरातली नावे दिली आहेत. सायंकाळी तानसा तलावाच्या परिसरात जावे. १८९२ पासून या तलावाचे पाणी मुंबईला मिळते आहे. ज्यांनी मुंबईत उभा जन्म काढला, त्यांनी ते आयुष्यभर प्यायले आहे. धरणावर प्रवेश मिळेलच असे नाही. आधी चौकशी करावी, अन्यथा भोवतालच्या वनातील रस्त्यावरून फेरी मारावी.

रविवारी किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाड तालुक्यात उतरावे. सरळगावहून माळशेजकडे जाताना वैशाखरे गावाजवळ नाणेघाटाचा ‘नानाचा अंगठा’ रस्त्यावरूनच दिसतो. माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. व्यापारी तांडे याच घाटाने कोकणातून जुन्नरकडे चढत. शिलालेखाचे छायाचित्र मोबाईलमध्ये आधीच घेऊन ठेवावे आणि घाटाकडे तोंड करून आजी-आजोबांना मोठे करून दाखवावे. परतताना म्हसा येथील खांबलिंगेश्वराचे दर्शन घ्यावे. पौष पौर्णिमेला भरणारी येथील यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. ज्यांचे बालपण गोठ्याशेजारी गेले, त्यांच्या तोंडून येथे बरेच काही ऐकायला मिळेल. मात्र गर्दी सोसत नसेल तर यात्रेचे दिवस टाळावेत.

आता प्रकृतीविषयी. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. त्यातच प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, पाणीच पीत नाहीत. मग चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता असे त्रास मागे लागतात. त्यावर उपदेशाचा उपयोग नाही. थांबे आधी ठरवून ते घरी सांगावेत, म्हणजे मन निश्चिंत होते आणि घोटभर पाणी आपोआप घेतले जाते. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण लांबणे धोक्याचे. घाम, थरथर, बोलण्यातील गोंधळ ही साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात. व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे; तेथवरचा रस्ता निघण्यापूर्वीच पाहून ठेवावा. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. दर दीड-दोन तासांनी सर्वांनीच उतरून चार पावले चालावे. उतरण्यापूर्वी ज्येष्ठांनी क्षणभर पाय खाली सोडून बसावे, मगच उभे राहावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही एक शब्द. गडाकडे जाणारे आणि पायथ्याशी थांबणारे, असे दोन गट पाळीपाळीने करावेत. दरवेळी एकाच सुनेने वा मुलीने मागे थांबावे, हे न्यायाचे नाही. थांबण्याची जागाही गाडी नसावी. सावलीतला पार, घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास एवढे असले, की थांबणे हीसुद्धा सहलच होते.

यादी करताना चारपैकी एक ठिकाण तरी आजी-आजोबांना निवडू द्यावे. ते निवडतील त्या ठिकाणी, त्यांना हवा तितका वेळ, सर्वांनी थांबावे.